हृदयाची रेघ खिशात कशी आली?

काही वर्षांपूर्वी माझे वडील बाजारातून परत येताना रस्त्यात चक्कर येऊन पडले. कुणीतरी पाणी मारलं, दोन मिनिटांत ते उठून बसले आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ईसीजी काढला. नॉर्मल. महिन्याभराने पुन्हा तसंच झालं. पुन्हा ईसीजी, पुन्हा नॉर्मल. आई मला म्हणाली, "अरे, तू एवढा शास्त्रज्ञ. सगळं नॉर्मल आहे तर मग ते पडतात कसे, तेवढं सांग."

मला सांगता येईना. मग हृदयरोगतज्ज्ञांनी अण्णांच्या छातीला पाच-सहा तारा चिकटवल्या, कमरेला एक लहानसं खोकं अडकवलं आणि सांगितलं, "घरी जा, नेहमीची कामं करा, उद्या याच वेळी या." त्या एका दिवसाच्या नोंदीत, दुपारी जेवण झाल्यावर केव्हातरी, रेघ चार सेकंदांहून जास्त वेळ सपाट झालेली सापडली. तेवढा वेळ हृदयाचा ठोकाच पडला नव्हता. अण्णा तेव्हा खुर्चीत बसलेले होते, म्हणून पडले नाहीत इतकंच.

आईच्या प्रश्नाचं उत्तर एका साध्या भागाकारात होतं. दवाखान्यातला नेहमीचा ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे आपण दिवसाचा ८,६४० वा भाग पाहतो आणि त्यावरून सगळ्या दिवसाबद्दल बोलतो. हृदयाची काही दुखणी अशी असतात की ती डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला हजर राहत नाहीत.

ते कमरेचं खोकं कुठून आलं याचा मी शोध घेऊ लागलो, तेव्हा एक गमतीची गोष्ट लक्षात आली. हृदयाची वीज ओळखायला फार मोठं यंत्र लागत नाही. ती पहिल्यांदा ओळखली गेली ती बेडकाच्या पायाने!

बेडकाचा पाय, खेळण्यातली आगगाडी

विजेने बेडकाचा पाय आखडतो हे लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलं. हा प्रयोग आपण सगळेच वर्गात सांगतो. पण त्याची पुढची पायरी सहसा सांगितली जात नाही. १८५६ मध्ये जर्मनीत कोलिकर आणि म्युलर या दोघांनी बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या चेतातंतूसह वेगळा काढला आणि तो चेतातंतू दुसऱ्या बेडकाच्या धडधडत्या हृदयावर नुसता टेकवून ठेवला. हृदयाचा ठोका पडला की पायाचा स्नायू उडायचा. बाहेरून वीज दिलेली नव्हती. म्हणजे ती हृदयातूनच येत होती. हृदयाची वीज दाखवणारं हे एक अगदी घरगुती उपकरण म्हणायला हरकत नाही.

ही वीज येते कुठून? हृदयाच्या स्नायूपेशी आकुंचन पावण्याआधी त्यांच्या आवरणातून विद्युतभारित कण आत-बाहेर करतात. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात हा बदल सुरू होतो आणि लाटेसारखा खाली जवनिकांपर्यंत पसरत जातो. आपलं शरीर म्हणजे खारट पाण्याने भरलेली पिशवीच, त्यामुळे या लाटेचा अंश कातडीपर्यंत पोचतो. तो किती? जेमतेम १ मिलिव्होल्ट, म्हणजे दीड व्होल्टच्या एका सेलच्या दीड हजाराव्या भागाइतका.

एवढं कमी विभवांतर मोजायचं कसं? १८८७ मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी केशिका विद्युतमापक वापरला. काचेच्या अगदी बारीक नळीत पारा आणि त्याला टेकलेलं सौम्य गंधकाम्ल, अशी त्याची रचना. विभवांतर बदललं की पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो आणि पाऱ्याची कड किंचित सरकते. त्या कडेची सावली वॉलर यांनी फोटोच्या काचेवर पाडली. काच एकसारखी पुढे सरकत राहावी म्हणून त्यांनी ती खेळण्यातल्या आगगाडीच्या डब्यावर बसवली होती. माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत-आलेख निघाला तो असा.

वॉलर यांच्याकडे जिमी नावाचा बुलडॉग होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते प्रयोग करून दाखवत. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीत असं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा ही प्राण्याशी क्रूरता नव्हे काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. भांड्यात साधं मिठाचं पाणी होतं, असं गृहमंत्र्यांना सांगावं लागलं! मात्र या तंत्राचा रुग्णालयात फारसा उपयोग होईल असं खुद्द वॉलर यांना वाटत नव्हतं.

दोन खोल्यांचं यंत्र

तसं वाटायला कारणही होतं. पारा जड आणि सुस्त. हृदयाची लाट वर जाऊन खाली आली तरी पारा तिच्या मागे रेंगाळायचा. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात विलेम आइनथोव्हेन यांनी आधी गणित करून पाऱ्याची ही चूक दुरुस्त केली. दुरुस्त झालेल्या आलेखावरच्या उंचवट्यांना आणि खळग्यांना त्यांनी १८९५ मध्ये पी, क्यू, आर, एस, टी ही नावं दिली. ती आजही तशीच आहेत.

पण प्रत्येक आलेखासाठी एवढं गणित कोण करणार? तेव्हा त्यांनी मापकच बदलला. अतिशय बारीक, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा तंतू त्यांनी शक्तिमान विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसवला. तंतूतून हृदयाचा प्रवाह गेला की तो बाजूला सरकतो. हे सरकणं सूक्ष्मदर्शकाने मोठं करून फोटोच्या काचेवर टिपायचं. तंतूची जाडी केसाच्या विसाव्या भागाहूनही कमी, दोन-तीन मायक्रॉन. क्वार्ट्‌झचे असे तंतू काढायची युक्ती चार्ल्स बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये दाखवली होती. वितळलेलं क्वार्ट्‌झ बाणाला चिकटवायचं आणि बाण सोडायचा. बाणामागे तंतू ओढला जातो आणि हवेतच थिजतो.

असा नाजूक तंतू, पण त्याच्याभोवतीचं यंत्र मात्र अवाढव्य. वजन सुमारे २७० किलो. त्याला दोन खोल्या लागत, चालवायला पाच माणसं लागत, आणि विद्युतचुंबक तापू नये म्हणून पाणी खेळवावं लागे. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे.

आता प्रश्न असा की यंत्र प्रयोगशाळेत आणि आजारी माणसं रुग्णालयात, मधलं अंतर दीड किलोमीटर. यंत्र हलणार नाही, रुग्णही हलणार नाही. आइनथोव्हेन यांनी १९०५ मध्ये त्यावर तोडगा काढला. रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार होतीच. रुग्णाच्या हृदयाची वीज त्यांनी त्या तारेतून आणली. आज आपण ज्याला टेलिमेडिसिन म्हणतो त्याचा हा फार जुना नमुना. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढची काही वर्षं यंत्र आटोपशीर करण्यात गेली. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र होरेस हे ज्या कंपनीचे एक संस्थापक होते, त्या केंब्रिजच्या उपकरण-कंपनीने टेबलावर मावणारं यंत्र बनवलं. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या सॅनबोर्न कंपनीने मोटारीच्या ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं यंत्र काढलं. ते २३ किलोंच्या आसपास होतं. आता डॉक्टर ते घेऊन रुग्णाच्या घरी जाऊ शकत होते. तरीसुद्धा रुग्णाला पडूनच राहावं लागे. यंत्र खाटेपर्यंत आलं होतं, खाट सोडून माणसाबरोबर चालत नव्हतं.

ही रेघ कुणाची?

इथे थोडं थांबून एक अडचण समजून घेऊया, कारण आपण स्वतः असं मंडल जोडायला बसलो की पहिल्याच दिवशी ती समोर येते.

शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही साधं हृदय-मॉनिटर जोडत होतो. एका बाईंच्या दोन्ही मनगटांना इलेक्ट्रोड लावले, वर्धक सुरू केला आणि पडद्यावर सुरेख, एकसारखी लाट उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरचे एक गुरुजी मात्र उठून जवळ आले, पडद्यावरच्या चौकटी मोजल्या आणि म्हणाले, "सर, एका सेकंदात ५० ठोके पडतायत. हे बाईंचं हृदय नाही, भिंतीतल्या वायरचं आहे."

गुरुजींचं बरोबर होतं. आपल्या घराशाळांतल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. तिच्या तारांजवळ उभं असलेलं आपलं शरीर अँटेनासारखं काम करतं, आणि त्यावर हृदयाच्या संकेताच्या शेकडो पट मोठा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट बसतो. नुसता वर्धक लावला तर दोन्ही सारखेच वाढतात. जत्रेत हरवलेल्या मुलाचा आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्या जत्रेलाच ध्वनिक्षेपक लावण्यासारखं ते होतं.

यातून वाट कशी काढायची? गुणगुणाट दोन्ही मनगटांवर जवळजवळ सारखाच असतो. हृदयाचा संकेत मात्र दोन्हीकडे वेगळा असतो. तेव्हा एका हाताच्या संकेतातून दुसऱ्या हाताचा संकेत वजा करायचा. जे समान ते जातं, जो फरक तो उरतो. असं वजाबाकी करणारे वर्धक जैविक संकेतांसाठी १९३० च्या दशकात तयार झाले. केंब्रिजचे ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये वर्णन केलेला वर्धक हा त्यांतला सुरुवातीचा.

समजा, शरीरावर १ व्होल्टचा गुणगुणाट आहे आणि वर्धक समान भागाला वेगळ्या भागाच्या तुलनेत एक लाखपट दाबतो. तर उरलेला गुणगुणाट १० मायक्रोव्होल्ट, म्हणजे हृदयाच्या १ मिलिव्होल्टचा शंभरावा भाग. आता रेघ स्वच्छ दिसते. पण त्यासाठी वर्धकाच्या दोन्ही बाजू काटेकोर सारख्या असाव्या लागतात, आणि इलेक्ट्रोडही दोन्हीकडे सारखेच घट्ट बसावे लागतात. आम्ही बाईंच्या उजव्या पायाला तिसरा इलेक्ट्रोड लावला, मनगटांवरचे दोन्ही नीट बसवले आणि वजाबाकी करणारा वर्धक जोडला. मग मिनिटाला ७८ ठोक्यांची, टोकदार उंचवट्यांची रेघ आली. यावेळी टाळ्या वाजवायच्या आधी गुरुजींनी ठोके मोजले, दुसऱ्या एकाने बाईंची नाडी मोजली, आणि दोन्ही आकडे जुळले.

पाठीवरचं ओझं

आता अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना या लहान गावी जाऊया. तिथल्या नॉर्मन होल्टर या भौतिकशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी समुद्राच्या लाटांचा अभ्यास केला होता. युद्ध संपल्यावर तो गावी परतला आणि त्याने १९४७ मध्ये स्वतःची संशोधन-संस्था सुरू केली. पुढे तिची प्रयोगशाळा गावातल्या रेल्वेच्या एका जुन्या स्थानकाच्या इमारतीत होती.

होल्टरचा प्रश्न माझ्या आईच्या प्रश्नासारखाच होता. माणूस खाटेवर निजलेला असताना त्याचं हृदय कसं चालतं हे आपण पाहतो. पण तो जिना चढताना, रागावलेला असताना, काम करताना, झोपेत असताना काय होतं? माणूस आयुष्य काही खाटेवर काढत नाही.

सहकाऱ्यांच्या मदतीने त्याने निर्वात नळ्यांचा वर्धक, रेडिओ-प्रक्षेपक आणि बॅटऱ्या असं सगळं एका पाठपिशवीत बसवलं. वजन ३८ किलो! ते ओझं पाठीवर घेऊन होल्टर स्वतः जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसला आणि त्याच्या हृदयाची रेघ तारेविना दुसरीकडे उमटली. उपचारासाठी हे निरुपयोगीच होतं. ३८ किलोंचं ओझं कोणत्या हृदयरोग्याच्या पाठीवर द्यायचं? पण चालत्याबोलत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेता येते, एवढं त्यातून सिद्ध झालं.

ओझं हलकं केलं ते ट्रान्झिस्टरने. त्याचा शोध १९४७ च्याच डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत लागला. ट्रान्झिस्टरला निर्वात नळीसारखी तापती तार लागत नाही, म्हणून त्याला पुरणारी बॅटरीही लहान असते.

दुसरी अडचण नोंद ठेवण्याची. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. २४ तासांचा हिशेब मुलांना करायला द्या. उत्तर येतं २,१६० मीटर. दोन किलोमीटरहून लांब कागद कमरेला कसा बांधणार, आणि बांधला तरी तो वाचणार कोण? होल्टरने कागदाऐवजी चुंबकीय फीत घेतली. वाचण्यासाठी तर त्याने फार सुंदर युक्ती काढली. फीत ६० पट वेगाने चालवायची आणि पडद्यावर प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावरच उमटू द्यायचा. सगळे ठोके सारखे असतील तर एकच स्थिर आकृती दिसते. एखादा वेगळा असेल तर आकृती थरथरते. शिवाय ऐकूही येतं. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे सेकंदाला १.२, आणि ६० पट वेगाने ते होतात सेकंदाला ७२. हा झाला एक खर्जातला सूर! ठोका चुकला की सूर अडखळतो. २४ तासांची नोंद २४ मिनिटांत पाहून आणि ऐकून होते. होल्टरने ही पद्धत १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. तेव्हापासून त्या खोक्याला त्याचंच नाव पडलं. अण्णांच्या कमरेला होता तो होल्टर मॉनिटर. फक्त आता त्यात फितीऐवजी स्मृतीची चिप असते.

भिंतीपासून तुटणं

बॅटरीमुळे यंत्र उचलून नेता येतं, हे आपण पाहिलं. तिचं आणखी एक मोल आहे. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात १९५७ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलांना पेसमेकर लावत, आणि ते भिंतीतल्या विजेवर चालत. मूल वायरच्या लांबीइतकंच फिरू शकत असे. ३१ ऑक्टोबरला शहराची वीज गेली. त्यात एक बाळ दगावलं, असं अर्ल बॅकन यांनी पुढे सांगितलं आहे. बॅकन हे तिथे वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारे अभियंते. शल्यचिकित्सक लिलेहाय यांनी त्यांना बॅटरीवरचा पेसमेकर करायला सांगितलं. बॅकन यांना एका छंदी मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं, म्हणजे संगीताचा ताल देणाऱ्या यंत्राचं मंडल आठवलं. त्यात दोन ट्रान्झिस्टर होते. चारेक आठवड्यांत त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये त्यावरून छोटं खोकं तयार केलं. कुत्र्यावर चाचणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात गेले तर एका मुलाच्या अंगावर तेच खोकं चालू होतं!

ही गोष्ट ऐकून मुलांचे डोळे चमकतात. चमकू द्यावेत. पण तिची दुसरी बाजूही सांगावी. घरी जोडलेलं मंडल एका दिवसात रुग्णाच्या अंगावर गेलं, कारण समोर मूल होतं आणि दुसरा इलाज नव्हता. आज तसं करता येणार नाही, करूही नये. मधल्या काळात कितीतरी अपघातांतून आणि चाचण्यांतून सुरक्षिततेचे नियम घडले आहेत.

आपल्या वर्गातल्या मंडलासाठी त्यांतले अगदी मोजके नियम पुरेत. मंडल फक्त बॅटरीवर चालवायचं. पडदा म्हणून लॅपटॉप घेतला तर त्याचा चार्जर काढून ठेवायचा, कारण चार्जरमधून भिंतीशी पुन्हा नातं जुळतं. प्रत्येक इलेक्ट्रोडच्या तारेत एक लाख ओहमचा रोध घालायचा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या धरल्या आणि मंडलात काहीही बिघडलं, तरी १८ व्होल्ट भागिले दोन लाख ओहम, म्हणजे ९० मायक्रोअँपियरहून जास्त प्रवाह अंगातून जाणार नाही. तो जाणवतसुद्धा नाही. आणि पेसमेकर असलेल्या किंवा हृदयाची तक्रार असलेल्या कुणावरही हा प्रयोग करायचा नाही.

२०१२ पासून हृदयाच्या संकेतासाठीच बनवलेली एडी ८२३२ ही नखाएवढी चिप मिळते. वजाबाकी करणारा वर्धक, गाळण्या, उजव्या पायाला जोडायचं मंडल, सगळं तिच्यात असतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारं, मोबाइलवरून आलेख पाठवणारं ईसीजी यंत्र विकसित केलं आहे. २०१८ पासून मनगटी घड्याळंही ईसीजी काढू लागली आहेत. २७० किलोंपासूनचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे.

वर्गात या मंडलाने काय करावं? दीर्घ श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांब जातात, ते पाहावं. मैदानाला एक फेरी मारून आल्यावर रेघ पाहावी, आणि ती किती वेळात पूर्ववत होते ते मोजावं. निदान मात्र करू नये. रेघ वेडीवाकडी दिसली तर बहुतेक वेळा इलेक्ट्रोड सैल असतो. कुणाला तरीही काळजी वाटली तर सरळ डॉक्टरांकडे पाठवावं. आणि रेघ सरळसोट दिसली म्हणजे हृदय ठीक आहे, असंही म्हणू नये. आम्ही अण्णांच्या बाबतीत दोनदा नेमकं तेच म्हटलं होतं.

अण्णांना पेसमेकर बसवला. त्यानंतर ते पडले नाहीत. आईला मी तो १० सेकंदांचा आणि ८६,४०० सेकंदांचा हिशेब सांगितला, तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे जरा वेळ जवळ बसून बघायला पाहिजे होतं, एवढंच ना?"